शेवटच्या थांब्यापुढे

"एवढा मोठा ट्रक उभा होता, तो तुला दिसला नाही?"

"दिसला की."

"मग?"

"वाटलं, होईल बाजूला."

"उभा ट्रक? पुढची चाकं काढून दगडांवर ठेवलेला?"

उस्तादने सायकल उचलली, हँडल सरळ केलं आणि कोपराची माती झटकली. कोपर चांगलंच सोललं होतं. दुसऱ्या कुणाचं तरी कोपर चुकून आपल्या हाताला लागलंय, अशा नजरेने त्याने ते पाहिलं. मग म्हणाला, "मास्तर, चहा घेऊ या," आणि चहाची टपरी डावीकडे असताना तो तरातरा उजवीकडे निघाला.

मास्तरने त्याला दंडाला धरून वळवलं. टपरीपर्यंत तो दंड त्याने सोडला नाही.

उस्ताद म्हणजे बसचा ड्रायव्हर आणि मास्तर म्हणजे त्याच बसचा कंडक्टर. दोघेही निवृत्त. नोकरीत एकमेकांना मारलेल्या हाका तशाच चिकटून राहिल्या आणि खरी नावं पेन्शनच्या कागदांपुरती उरली. उभी नोकरी दोघांनी एका रस्त्यावर, बहुतेक एकाच गाडीवर काढली. कामाची वाटणी स्वच्छ होती. रस्ता उस्तादचा, दार मास्तरचं. मास्तरने कधी रस्त्यात नाक खुपसलं नाही आणि उस्तादने कधी वळून दाराकडे पाहिलं नाही. मधे फक्त घंटेची दोरी. एक घंटा म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. घंटा मिळाल्याशिवाय उस्ताद गाडी काढत नसे, आणि मिळाल्यावर साक्षात डेपो मॅनेजर आडवा आला तरी थांबत नसे. इतक्या आज्ञाधारकपणे हा माणूस आणखी कुणाशी वागल्याचं आपल्या तरी पाहण्यात नाही, असं त्याची बायको चारचौघांत सांगे.

या रस्त्याचं एकच दुखणं होतं. तो शेवटच्या थांब्यावर संपत नव्हता. तिथे पाण्याच्या टाकीला वळसा घालून बस परत फिरायची आणि रस्ता मात्र समोरचा चढ चढून पलीकडे निघून जायचा. उस्ताद रोज स्टेअरिंग फिरवता फिरवता विचारायचा, "पुढे कुठे जातो रे हा?"

"समुद्राला."

"तू बघितलायस?"

"नाही. पाटीवर लिहिलंय."

देशाच्या या टोकाला त्यांचं गाव, त्या टोकाला समुद्र, आणि दोन्हींच्या मधे हा एकच रस्ता. समुद्र दोघांनीही पाहिलेला नव्हता. निवृत्तीनंतर उस्तादने जाहीर केलं, की आपण दोघं सायकलने तिथवर जायचं. बसने का नाही, असं घरच्यांनी विचारलं. पण बसने गेलं तर ती दुसरा कुणीतरी चालवणार, आणि दुसऱ्याचं चालवणं उस्तादला बघवत नसे. या वयात सायकल म्हणजे गुडघ्यांचं काय, असंही विचारून झालं. गुडघे बरोबर घेणार आहे, असं त्याने सांगितलं.

पहिल्याच दिवशी पाण्याची टाकी आली, तेव्हा उस्तादचा वेग आपोआप कमी झाला. मागून मास्तर ओरडला, "उतरायचंय कुणाला? चल!" आणि दोघं हसत हसत तो चढ चढले होते. पलीकडे काहीच विशेष नव्हतं. आणखी एक चढ होता. पण तो नवा होता.

असं सगळं मजेत चाललं असताना उस्ताद धडकू लागला.

आधी शेळ्या झाल्या. कळप बाजूने रस्त्यावर येत होता आणि हा सरळ त्यात घुसला. शेळीवालीने सात पिढ्यांचा उद्धार केला. मग एका शेताचं उघडं फाटक झालं. आता ट्रक. दर वेळी उस्तादकडे कारण तयार असे. शेळ्यांना शिस्त नव्हती, फाटक चुकीच्या बाजूला उघडत होतं.

आणखी एक गोष्ट मास्तरच्या लक्षात आली होती. उस्ताद दिवसातून काही वेळा एकटाच झाडामागे जायचा आणि परत यायचा तेव्हा त्याचे डोळे ओले असायचे. त्याला बायकोची आठवण येते, असा मास्तरने अर्थ काढला. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर बायकोच्या आठवणीने झाडामागे रडणारा पुरुष त्याने पाहिला नव्हता. म्हणून त्याने आदराने तिकडे पाठ फिरवली होती.

त्या संध्याकाळी ते एका लॉजवर उतरले. उस्ताद आंघोळीला गेला आणि मास्तरचा फोन वाजला. उस्तादची बायको होती.

"भाऊजी, कसे आहात?"

"मजेत, वहिनी."

"आणि ते? थेंब टाकतायत ना वेळेवर?"

"कसले थेंब?" हे मास्तरच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण उभी हयात प्रवाशांच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय झालेल्या माणसाला पलीकडची शांतता ऐकू येते. तो म्हणाला, "हो हो. टाकतोय की."

"तुम्ही लक्ष ठेवा बाई. डॉक्टर म्हणाले ते तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी. गेलं ते गेलं, आता आहे तेवढी नजर धरून ठेवायची. मी तर सोडणारच नव्हते. पण म्हणाले, मास्तरला सगळं सांगितलंय, तो असताना तुला काय काळजी? म्हणून जाऊ दिलं."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाला. "काय काळजी?"

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ खाटेवर बसून राहिला. आत नळ चालू होता आणि उस्ताद आंघोळ करता करता गुणगुणत होता. ज्या माणसाने आपल्याला बायकोसमोर जामीन ठेवलं आणि ते आपल्याला कळवलंही नाही, तो माणूस सुरात गातोय, याचा मास्तरला जास्त राग आला.

सकाळी लॉजच्या मागच्या नळावर दात घासताना त्याने विषय काढला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"थेंब."

उस्तादने चूळ भरली. हव्या त्यापेक्षा जास्त वेळ भरली. "बोलली वाटतं."

"ती बोलली. तू नाही बोललास."

"बोललो असतो तर आला असतास?"

"नसतो आलो."

"मग?"

मास्तरने ब्रश झटकला. तो म्हणाला, "किती दिसतं?"

"समोरचं सगळं दिसतं, लख्ख. बाजूचं गेलंय. पाइपातून बघावं तसं. आत्ता तुझ्या मिशीतले केस मोजू शकतो मी. जरा डावीकडे सरक."

मास्तर सरकला.

"गेलास," उस्ताद म्हणाला.

उस्तादची नजर मास्तर मघाशी जिथे होता तिथेच होती.

"घरी चल," मास्तर रिकाम्या बाजूने म्हणाला.

"येतो. गाडीत घालून ने. एक घंटा दिलीस की मी थांबणार, तुला माहीत आहे. का म्हणून विचारणार पण नाही. दे."

मास्तरने नळ बंद केला.

"पुढच्या वर्षी हे पाइपातलं तरी राहील का, ते डॉक्टर सांगत नाही. मला एकदा बघायचंय रे, हा रस्ता कुठे संपतो ते. बाकी काही नाही. दे घंटा, नाहीतर माझी सायकल बाहेर काढ."

मास्तरने सायकल काढली. काढताना ती दाराला दोनदा आपटली, आणि तेवढाच राग त्याला व्यक्त करता आला.

मग त्यांनी पद्धत ठरवली. उस्ताद पुढेच राहणार. मागून चालवणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. मास्तर मागून त्याचे डोळे होणार. वाऱ्यात ओरडलेलं ऐकू येत नाही, म्हणून घंटा. मास्तरच्या सायकलला दणदणीत घंटी होती. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. शिकवण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

आणि चाललं की ते! बाजूने बैल आला, एक घंटा. उस्ताद जागच्या जागी. बैल गेला, दोन घंटा, उस्ताद पुढे. एका गावात शाळेतून घरी निघालेली अख्खी पलटण अशी पार केली, की उस्ताद मान न वळवता म्हणाला, "बघितलंस? डोळे हे एक खूळ आहे लोकांचं." मास्तरला हसू आलं. पण ब्रेकवरची त्याची बोटं दिवसभर सुटली नाहीत. रात्री जेवताना ती वाकडीच राहायची. वहिनींचा फोन रोज यायचा आणि तो रोज "टाकतोय की" म्हणायचा. आता ते खरं होतं, कारण थेंब तो स्वतः टाकत होता.

डोंगर समोर दिसू लागले त्या दिवशी दुपार कलताना एक मोठा चौक लागला. बाजूच्या कपडे शिवायच्या कारखान्याची पाळी सुटली होती. मास्तरने एक घंटा दिली, उस्ताद चौकाच्या तोंडाशी पाय टेकून थांबला, आणि बायकांचा लोंढा दोन सायकलींच्या मधून रस्ता ओलांडू लागला.

"अहो काका, वाट द्या जरा."

"द्या काय, घ्या. चला, पुढे सरका," मास्तर म्हणाला.

"ए, ढकलू नको गं!"

"सावकाश. सगळ्यांना घेऊन जाणार आहे. पुढे सरका, आत जागा आहे."

"कुठे आत, काका?" एक जण हसली. बाकीच्याही हसल्या. मास्तरही हसला. निवृत्त झाल्यापासून त्याच्याभोवती इतकी गर्दी झाली नव्हती. पिशव्या त्याच्या हँडलला घासत होत्या, कुणीतरी त्याला विचारलं स्टेशन कुठल्या बाजूला, त्याने आत्मविश्वासाने चुकीची दिशा दाखवली. त्याचा चेहरा सैल झाला, बोटं सैल झाली. शेवटची, छत्रीवाली बाई पार गेली. मास्तरने मागे वळून एकदा पाहिलं, कुणी धावत येत तर नाही ना. कुणी नव्हतं. दार मोकळं होतं.

टण् टण्.

रस्त्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं. रस्ता त्याचा नव्हताच कधी.

उस्तादने सायकल काढली.

उजवीकडून पाण्याचा टँकर येत होता. हॉर्न वाजला, ब्रेक किंचाळले, रबर जळल्याचा वास आला. सगळं मास्तरने पाहिलं. टँकर तिरका न होता सरळ थांबला, पण पुरता थांबण्याआधी त्याच्या बंपरने सायकलचं पुढचं चाक उचलून बाजूला फेकलं. चाकाबरोबर सायकल गेली आणि सायकलबरोबर उस्ताद.

तो रस्त्यावर बसलेला होता. पँट गुडघ्यावर फाटून रक्त येत होतं. टँकरचा ड्रायव्हर खाली उतरला तो थरथरतच.

"काका, मरायचंय का? दोनदा हॉर्न दिला!"

"मला घंटा मिळाली होती," उस्ताद म्हणाला.

"कसली घंटा?"

उस्तादने त्याच्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या टायरच्या काळ्या पट्ट्यांकडे. "भरलेला होता टँकर?"

"भरलेला."

"आणि गाडी सरळ ठेवलीस. एवढ्यात? शाब्बास. हात बघू... अरे, बस खाली. पाणी पी. तुझ्याकडे तर टँकरभर आहे."

तो माणूस खरोखर त्याच्या शेजारी रस्त्यावर बसला. पाणी आणायला कुणीतरी धावलं. मास्तर मात्र अजून चौकाच्या अलीकडेच उभा होता, अंगठा घंटीवर तसाच.

गुडघ्याला टाके पडले नाहीत, पट्टी पडली. सायकलवाल्याने मुरगळलेलं चाक बघून मान हलवली आणि नवं बसवायला घेतलं. दुकानासमोरच्या ओट्यावर दोघं बसले होते.

"संपलं," मास्तर म्हणाला. "मी वहिनींना फोन करतो."

"काय सांगणार?"

"की मी तुला आज मारलंच होतं."

"घंटा बरोबर होती."

"बरोबर? टँकर..."

"सगळे चढले होते ना?"

मास्तरने त्याच्याकडे पाहिलं. उस्ताद चेष्टा करत नव्हता.

"हो," मास्तर म्हणाला.

"मागे कुणी राहिलं नव्हतं?"

"नाही."

"मग बरोबर होती. पुढचं बघायचं काम माझं. ते मला जमलं नाही." एवढं बोलून उस्ताद नव्या चाकाच्या तारा कशा ओढतात ते बघू लागला. बघायला त्याला मान थोडी थोडी फिरवावी लागत होती. मास्तरने बाजूला जाऊन फोन लावला.

वहिनींनी सगळं ऐकलं. मधे एकदाच विचारलं, "लागलंय किती?"

"गुडघा. वरवर."

"पुढे काय आहे आता?"

"घाट. त्याच्याखाली समुद्र."

मग त्या म्हणाल्या, "भाऊजी, मी इथून काय सांगू? तिथे तुम्ही आहात." आणि फोन ठेवला. मास्तरला वाटलं होतं, रागावतील, परत आणा म्हणतील. त्या तसं म्हणाल्या असत्या तर किती सोपं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ते घाटमाथ्यावर पोचले.

माथ्यावर गाड्या थंड करायला थोडी सपाट जागा होती. तिथून रस्ता एकदम खाली पडत होता. एक वळण, दुसरं वळण, आणि पुढे धुक्यात किती ते मोजायची सोय नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा. तोही मधे मधे गेलेला. खालून मालाने लादलेले ट्रक कण्हत वर येत होते आणि वरचे ट्रक ब्रेक फुसफुसत खाली जात होते.

उस्ताद नेहमीप्रमाणे पुढे जाऊन उताराच्या तोंडाशी थांबला. एक पाय जमिनीवर, एक पेडलवर, दोन्ही हात ब्रेकवर. पाठ ताठ. मान समोर. तो घंटेची वाट बघत होता.

मास्तरने अंगठा घंटीवर ठेवला. या वेळी त्याने आधी रस्ता पाहिला. ट्रक आला, गेला. दुसरा आला. वळणावर दगड पडलेले होते. एक मोटार हॉर्न न देता कड्याआडून उगवली आणि उस्तादच्या इतक्या जवळून गेली की त्याचा शर्ट फडफडला. उस्ताद हलला नाही. त्याला ती दिसली का, कळायला मार्ग नव्हता.

दोन दिल्या असत्या तर तो गेला असता. एक दिली असती तर तो थांबला असता, आज, आणि मग कायमचा. अंगठ्याखाली घंटीचा पत्रा तापला होता. मास्तरच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरला, तोही त्याने पुसला नाही. ती पाठ त्याने सगळी नोकरी ड्रायव्हरच्या मागच्या जाळीतून बघितली होती. गर्दीत, वळणावर, टायर फुटलं तेव्हा, जमाव दगड मारत होता तेव्हा. त्या पाठीकडे बघून आपण नीट पोचणार, हे त्याला कळायचं. आज त्या पाठीवरून काहीच कळत नव्हतं.

रस्ता मधेच एकदा पूर्ण मोकळा झाला. वर कुणी नाही, खाली कुणी नाही. तेव्हाही मास्तरचा अंगठा हलला नाही.

उस्तादने वाट पाहिली. मग आणखी थोडी पाहिली. नोकरीत एवढा वेळ घंटा आली नसती तरी तो मागे वळला नसता, आजही वळला नाही. त्याने पेडलवरचा पाय सावकाश काढला, सायकलवरून उतरला आणि हँडल धरून उभा राहिला.

"पाय आखडलेत," तो म्हणाला. "चालत उतरू."

"हो," मास्तर म्हणाला. "माझे पण."

"तू पुढे हो."

मास्तर आपली सायकल हातात धरून पुढे झाला. उस्ताद त्याच्या मागे आला, एका हाताने स्वतःची सायकल ढकलत, आणि दुसरा हात त्याने मास्तरच्या कॅरिअरवर ठेवला. कड्याच्या बाजूने दोघं उतरू लागले. पुढे कुणी दिसलं की ओव्हरटेक केल्याशिवाय उस्तादला चैन पडत नसे. आता मास्तरची टाच त्याच्या चाकापुढे हातभर अंतरावर पडत होती आणि तो ते अंतर राखत होता. ट्रक आला की मास्तर कड्याला टेकून थांबायचा, उस्तादही थांबायचा. ट्रक गेला की निघायचे.

अर्धा घाट उतरल्यावर उस्ताद म्हणाला, "तुझं चालवणं वाईट आहे रे. वळणावर फार आत घुसतोस."

"मग ये पुढे, तू चालव."

खालून एक ट्रक आला, दोघं कड्याला टेकले, ट्रक गेला.

"नको," उस्ताद म्हणाला. "चालू दे."

मास्तरने वळून पाहिलं नाही.

समुद्र त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी भेटला. रस्ता शेवटी फार काही करत नव्हता. एका चहाच्या टपरीजवळ डांबर फुटत फुटत वाळूत जिरलं होतं, बस्स. उस्तादने सायकल टपरीला टेकवली आणि वाळूत चार पावलं पुढे जाऊन उभा राहिला. पाणी अंगावर येईल इतकं जवळ नव्हतं, पण आवाज सगळीकडून येत होता. मास्तरने दोन चहा सांगितले आणि कप घेऊन तो त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. कप पुढे केला. उस्तादने घेतला नाही. तो मान हलवत होता. अगदी सावकाश, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत, आणि परत.

टपरीवाली बाई फडक्याने हात पुसत बाहेर आली. "बाबांना पसंत नाही पडला वाटतं समुद्र? मघापासून नाही नाहीच म्हणतायत."

"नाही हो," मास्तर म्हणाला. "रुंद आहे ना. वेळ लागतो."

ती आत गेली. चहावर साय धरली. उस्तादची मान पुन्हा डावीकडून निघाली. पाणी, पाणी, एक होडी, पुन्हा पाणी. फिरता फिरता मधे मास्तर लागला. नजर तिथे जराशी थांबली आणि मग पुढे, राहिलेल्या समुद्राकडे गेली.